नैरोबीचं संग्रहालय कसं बघावं: ठाण्याच्या पटवेकरणीचा सल्ला

मी पटवेकरीण, म्हणजे मणी आणि दागिने दोऱ्यात ओवून, गाठवून देणारी. केनियाला जाणारी ठाण्यातली मंडळी माझ्याकडे दोन कारणांनी येतात. एक तर प्रवासात गळ्यातलं सोनं घरी ठेवून जायचं असतं, म्हणून साधी काळी पोत गाठवून हवी असते. दुसरं म्हणजे माझी धाकटी लेक नैरोबीत राहते हे जांभळी नाक्याच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे पोत हातात घेता घेता "काकू, तिकडे काय काय बघू?" हा प्रश्न येतोच. मी सांगते, मसाई मारा अभयारण्यात सिंह बघा, हत्ती बघा, नदी ओलांडणारे प्राणी बघा, पण नैरोबीचं राष्ट्रीय संग्रहालय बघितल्याशिवाय परतीच्या विमानात बसू नका. चाळीसहून जास्त समाजांच्या देशात जाऊन फक्त जनावरं बघून यायचं आणि माणसं गाडीच्या काचेतून दिसली तेवढीच, हे मला पटत नाही.

पहिलं काम टूरवाल्याकडे. बहुतेक कार्यक्रमांत नैरोबीला उतरलं की थेट माराच्या रस्त्याला लावतात आणि परत येताना विमानतळावर सोडतात. संग्रहालय हवं असेल तर पैसे भरण्याआधी ते कार्यक्रमात लिहून घ्या. "तिकडे गेल्यावर बघू" असं कुणी म्हणालं की ते राहिलंच म्हणून समजा. अर्धा दिवस मागा, आणि तो सहलीच्या शेवटी मागा. माराहून आल्यावर तुमच्या डोळ्यांत तिथल्या बायकांच्या हातातली कडी, गळ्यातली मण्यांची चकत्यांसारखी आभूषणं ताजी असतात, मनात प्रश्न असतात. आल्या आल्या, रात्रभराच्या जागरणानंतर काचेच्या पेट्या बघण्यात काही अर्थ नाही.

संग्रहालय रोज सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच उघडं असतं. जागा शहराच्या मध्यापासून जवळच, म्युझियम हिल नावाच्या टेकडीवर. जवळ असलं तरी नैरोबीत वाहतूक तुंबते, म्हणून सकाळी उघडतानाच पोचा. परदेशी पाहुण्यांचा तिकीटदर वेगळा असतो आणि तो बदलतो, तेव्हा आदल्या दिवशी त्यांच्या वेबसाइटवर बघून घ्या. पैसे बहुधा कार्डाने किंवा मोबाईलवरूनच द्यावे लागतात, नुसत्या नोटांवर विसंबू नका. नैरोबी समुद्रसपाटीपासून साधारण १,७०० मीटर उंचीवर आहे. आपल्या डोक्यात आफ्रिका म्हणजे ऊन, पण जुलै-ऑगस्टात तिथे सकाळी स्वेटर लागतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पीतज्वराची (यलो फीवरची) लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, आणि ती सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. गल्लीतल्या डॉक्टरांकडे ती मिळत नाही. लस घेतल्याचं पिवळं कार्ड परत येताना आपल्याच विमानतळावर मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी काढावी लागते. आणि एक गोष्ट आपल्याकडच्या बायकांना मी दोनदा सांगते: केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे, पर्यटकांनाही. चिवडा, लाडू, पुरणपोळ्या डब्यात किंवा कापडी पिशवीत भरा.

आता तयारी. ही ठाण्यात बसूनच करायची आहे आणि बहुतेक लोक नेमकी हीच टाळतात. जायच्या आधी एखाद्या रविवारी लोकलने भायखळ्याला जा आणि राणीच्या बागेशेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बघून या. बुधवारी ते बंद असतं, आणि दुरुस्तीची कामं अधूनमधून निघतात, म्हणून आधी फोन करून विचारा. १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेल्या या इमारतीत इंग्रजी अमदानीतल्या मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत. कुणी पगडी घातलेलं, कुणी धंद्याचं अवजार हातात घेतलेलं. त्या फार सुंदर आहेत. पण त्यांच्यासमोर उभं राहून खालच्या पाट्या वाचा. धंदा लिहिलाय, जात लिहिलीय. माणसाचं नाव कुठेच नाही. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या वेळची माणसं कुणीतरी "नमुना" म्हणून काचेत ठेवली आहेत, आणि आपण ती बघतोय. त्या वेळी छातीत जे काही होतं ते लक्षात ठेवा. नैरोबीत तुम्ही काचेच्या दुसऱ्या बाजूला असणार आहात.

नैरोबीच्या संग्रहालयाची सुरुवातही इंग्रजांच्याच काळात झाली. निसर्गाचा अभ्यास करणाऱ्या गोऱ्या हौशी मंडळींनी १९१० मध्ये ते सुरू केलं. आजच्या टेकडीवर १९३० मध्ये ते आलं तेव्हा त्याला एका गव्हर्नराचं, कॉरिंडनचं नाव होतं. स्वातंत्र्यानंतर १९६४ मध्ये ते केनियाचं राष्ट्रीय संग्रहालय झालं. २००५ पासून तीन वर्षं बंद ठेवून सगळी मांडणी बदलली आणि २००८ मध्ये ते परत उघडलं. म्हणजे आज आपण जे बघतो ते केनियाच्या लोकांनी स्वतःबद्दल मांडलेलं आहे. हे मनात ठेवून आत शिरा, पाट्या वेगळ्या वाचल्या जातात.

आत सगळं बघायच्या मागे लागू नका. पेंढा भरलेल्या शेकडो पक्ष्यांचं दालन आहे, प्राण्यांचं दालन आहे. मुलं तिकडे ओढतात. पण तुम्ही तेच प्राणी नुकतेच जिवंत बघून आलात, तेव्हा ते शेवटी, वेळ उरला तर. अहमद हत्तीचा पुतळाही तसाच. लांबच लांब सुळ्यांच्या या हत्तीला शिकाऱ्यांपासून वाचवायला १९७० मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटांनी खास हुकमाने संरक्षण दिलं होतं. फोटो निघताना काढा. मानवाच्या उगमाच्या दालनात मात्र दहा मिनिटं थांबाच. टर्काना सरोवराजवळ १९८४ मध्ये सापडलेल्या, साधारण १५-१६ लाख वर्षांपूर्वीच्या मुलाच्या सांगाड्याची हकीकत तिथे कळते. त्याचं पहिलं हाड ज्याच्या नजरेला पडलं तो कामोया किमेऊ, केनियाचाच माणूस. मुलांना हे नाव सांगा. शोधाबरोबर बहुतेक वेळा गोऱ्या शास्त्रज्ञांचीच नावं ऐकू येतात.

खरा वेळ द्यायचा तो "जीवनचक्र" या दालनाला. जन्म, बालपण, तारुण्यात प्रवेश, संसार, म्हातारपण, आणि मग पूर्वज होणं, अशा क्रमाने केनियातल्या वेगवेगळ्या समाजांच्या वस्तू तिथे मांडलेल्या आहेत. मसाई एका कोपऱ्यात, किकुयू दुसऱ्या कोपऱ्यात, अशी ती वाटणी नाही, म्हणूनच मला ती आवडते. बाळाला पाठीशी बांधायचं सगळ्यांनाच असतं, म्हाताऱ्याला मान द्यायचा सगळ्यांनाच असतो. कोण कशाने करतं ते शेजारी शेजारी दिसतं.

इथे पाट्या वाचत भराभर पुढे जाऊ नका. पाच वस्तू निवडा आणि प्रत्येकीपाशी उभं राहा. मी माझ्या धंद्याच्या सवयीने बघते, ती सवय तुम्हालाही लावून घेता येईल. माझ्याकडे मंगळसूत्र दुरुस्तीला आलं की मी आधी सोनं बघत नाही, दोरा बघते. मानेमागे घामाने कुजलाय का, वाट्यांपाशी घासलाय का, एका बाजूला जास्त ताणलाय का. बाई कुठल्या कुशीवर झोपते तेसुद्धा सांगता येतं. संग्रहालयातल्या वस्तूंवर तशीच झीज शोधा. टर्काना समाजातले पुरुष लाकडाचं एक छोटं बैठं बरोबर बाळगतात. दिवसा त्यावर बसायचं, रात्री मानेखाली घ्यायचं, म्हणजे मातीने लिंपलेले केस मोडत नाहीत. त्याची वरची बाजू बघा, मानेच्या नि हाताच्या तेलाने ती गुळगुळीत, काळपट होते. किकुयू आणि कांबा बायकांची कियोंडो टोपली बघा. तिचा पट्टा कपाळावर घेऊन ओझं पाठीवर वाहतात, त्यामुळे पट्टा मधोमध चपटा होतो. दुधाच्या भोपळ्यांचं तोंड बघा. मसाई बायका रानऑलिव्हची जळती काडी आत फिरवून भोपळा धुरावतात. त्याने भोपळा निर्जंतुक होतो आणि दुधाला धुराचा वास लागतो. काचेमागे वास येत नाही, पण आतली काळी झाक दिसते. मांडणी अधूनमधून बदलते, तेव्हा नेमक्या याच वस्तू नसतीलही. दुसऱ्या कुठल्याही जुन्या वस्तूवर हात कुठे पडत असे ते शोधलं की ती वस्तू कुणाची होती हे कळायला लागतं.

मण्यांपाशी मी थोडी रेंगाळते, तुम्हीही रेंगाळा. मसाई स्त्रीच्या गळ्यातली रुंद चकती लांबून एकसंध रंगीत पट्टा दिसते. जवळ जाऊन डोळे बारीक करून बघा. एकात एक बसवलेली तारेची कडी आहेत, आणि प्रत्येक कड्यात मणी ओवलेत. इथे सुई नाही, तारेचं टोकच सुईचं काम करतं. कडी एकमेकांवर चढू नयेत म्हणून मधून मधून आडव्या पट्ट्या घातलेल्या असतात. जुन्या कामात चामड्याच्या, हल्लीच्या कामात प्लास्टिकच्या. पट्टीला सारख्या अंतरावर भोकं, आणि प्रत्येक भोकातून एकेक तार जाते. आता रंगांचा पट्टा आतून बाहेर बघत या. आतलं कडं लहान, बाहेरचं मोठं, तरी लाल भाग लालच्या सरळ रेषेत, निळा निळ्याच्या रेषेत बाहेरपर्यंत रुंदावत जातो. म्हणजे प्रत्येक ओळीत किती मणी वाढवायचे याचा हिशेब करणारीच्या बोटात आहे. कागदावर आखलेला नमुना नसतो. माझ्या लेकीच्या घराजवळ बाजारात बसणाऱ्या मसाई बायकांना मी हे करताना बघितलंय. मांडीवर कापड, त्यावर मण्यांचे ढीग, आणि गप्पा मारत मारत तार ढिगात खुपसून वर काढायची. ओळ संपली तरी एक मणी कमी नाही की जास्त नाही. आयुष्यभर मणी ओवलेल्या माझ्यासारखीला ते बघून हात जोडावेसे वाटले.

रंगांचे अर्थ वाटाडे सांगतात: लाल म्हणजे रक्त आणि शौर्य, पांढरा म्हणजे दूध, निळा म्हणजे आभाळ आणि पाऊस, हिरवा म्हणजे गवत. ते ऐका, पण तेवढ्यावर थांबू नका. मसाईंच्या वेगवेगळ्या शाखांची रंगांची जुळणी वेगळी असते, आणि जाणती बाई दुसरीच्या गळ्याकडे बघून ती कुठली हे ओळखते. विचारायचं ते असं: हे लग्न झालेलीचं की न झालेलीचं? आईचं की मुलीचं? लग्न झालेल्या मसाई बायका निळ्या मण्यांचा लांब सर घालतात. आपल्याकडच्या बायकांना यापुढे समजावून सांगावं लागत नाही. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी जातो.

आणि हे मणी आले कुठून? आज दिसणारे बारीक काचमणी युरोपातून, व्हेनिस आणि बोहेमियाहून येऊ लागले. पण त्याच्या कितीतरी आधी आपल्या किनाऱ्यावरून मणी तिकडे जात होते. गुजरातेतल्या खंबातचा अकीक, म्हणजे मण्यांचा रंगीत दगड, शतकानुशतकं पूर्व आफ्रिकेत विकला गेला. अलिबागजवळच्या आपल्या चौलच्या उत्खननात सापडलेले काचमणी आणि केनियाच्या किनाऱ्यावरच्या जुन्या वस्त्यांत सापडलेले काचमणी शास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा दोन्हीकडे एकाच जातीची काच निघाली. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. रेवदंड्याला समुद्रावर गेलात तर चौल तिथेच आहे. मुलांना नेऊन दाखवा, मग नैरोबीत मण्यांसमोर उभं केल्यावर ती कंटाळणार नाहीत.

पूर्वजांच्या भागात विगांगो शोधा. किनारपट्टीवरच्या मिजिकेंडा समाजात, विशेषतः गिरियामांमध्ये, गोहू नावाच्या मानकऱ्यांच्या मंडळातल्या सभासदाच्या मृत्यूनंतर त्याच्या नावाने लाकडाचा कोरीव खांब उभारतात. वर वाटोळं डोकं, खाली फळीसारखं सपाट अंग, त्यावर त्रिकोणांची नक्षी. खांब उभारला की तो हलवायचा नसतो. वस्ती दुसरीकडे गेली तरी तो तिथेच राहतो, तिथेच झिजतो. आपल्या गावांत वीरगळ असतात तसं त्याचं स्थान, फक्त इथे घरच्या माणसाशी नातं जास्त जवळचं आहे. असे शेकडो खांब गेल्या पन्नासेक वर्षांत रातोरात उपटून नेले, व्यापाऱ्यांनी कलावस्तू म्हणून विकले, आणि ते अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत नि संग्रहालयांत जाऊन पोचले. ज्या घरांतून ते गेले तिथली माणसं पुढच्या प्रत्येक आजारपणाला, दुष्काळाला त्या चोरीशी जोडत राहिली. २००७ मध्ये अमेरिकेतल्या दोन संग्रहालयांनी एकेक खांब परत केला, २०१९ मध्ये डेन्व्हरच्या संग्रहालयाने ३० परत केले. या खांबांसमोर सेल्फी काढू नका. चपला काढा असं कुणी म्हणत नाही, पण आवाज खाली आणा. कुणाच्या तरी वडिलांसमोर आपण उभे आहोत.

तारुण्यात प्रवेशाचा भाग मुलांबरोबर बघण्याआधी आईवडिलांनी आपसांत बोलून ठेवावं. तिथे सुंतेचे विधी दाखवले आहेत आणि मुलं सरळ प्रश्न विचारतात. सरळ उत्तर द्या. वयात येणं हा त्या समाजांत मोठा सोहळा आहे, आणि बरोबरीच्या मुलांचा गट पुढे जन्मभर एकमेकांचा आधार असतो, हे सांगा. मुलींवरच्या अशा विधीला केनियाने २०११ मध्ये कायद्याने बंदी घातली, आणि त्यासाठी तिथल्याच बायका वर्षानुवर्षं झगडल्या, हेही सांगा. आदराने बघायचं म्हणजे सगळ्याला मान डोलवायची असं नाही. आपल्याही घरांत आज्यांनी भोगलेलं बरंच काही होतं, ते आपल्याच बायकांनी मोडलं.

जॉय अ‍ॅडम्सन हे नाव तिने वाढवलेल्या एल्सा सिंहिणीमुळे पुष्कळांना माहीत असतं. तिने केनियातल्या समाजांच्या माणसांची शेकडो चित्रं काढली, त्यातली काही इथे लागलेली असतात. वसाहतीच्या सरकारनेच १९४०च्या दशकाच्या शेवटी ते काम तिला दिलं होतं. दागिना, कापड, केसांची ठेवण इतकी बारकाईने टिपलेली आहे की माझ्यासारखीने तासभर बसावं. तिथे भायखळ्याच्या बाहुल्या आठवा आणि तेच विचारा: हा माणूस कोण? त्याला चित्रकारासमोर उभं राहायचं होतं का? चित्राखाली नाव असेल तर मोठ्याने वाचा. नसेल तर ते नाही हे मुलांना दाखवा.

बोलण्याचं एक पथ्य पाळा. आपण मराठीत बोलतोय म्हणून कुणाला कळत नाही असं समजू नका. बोट, हसणं आणि चेहरा सगळ्यांना कळतो. "कसले कान ओढलेत बघ", "जंगली" असले शब्द तोंडातून येऊ देऊ नका. शेजारी त्याच समाजाची शाळेची मुलं सहलीला आलेली असतात, गणवेशात, हातात वह्या घेऊन. नैरोबीच्या शाळांच्या सहली सकाळी खूप येतात. त्यांच्याशी बोला. आपल्या मुलांनी विचारावं, तुझ्या आजीकडे असा भोपळा आहे का? बहुतेक वेळा आजीबद्दलची गोष्टच ऐकायला मिळते. मार्गदर्शक मिळाला तर जरूर घ्या, आणि त्याला पहिल्यांदा विचारा की तो स्वतः कुठल्या समाजाचा. मग त्याला त्याच्याच समाजाच्या पेटीपाशी थांबवा. सगळ्या दालनाची घोकलेली माहिती ऐकण्यापेक्षा तिथली दहा मिनिटं कितीतरी मोलाची असतात.

मुलांना फोनऐवजी वही-पेन्सिल द्या. एक वस्तू निवडून तिचं चित्र काढायचं, बस्स. चित्र काढताना मूल वस्तूचं भोक, गाठ, तडा बघतं. फोटोत ते निसटतं.

केनियातल्या भारतीयांची गोष्टही मुलांना जाताजाता सांगा. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून आत जाणारी रेल्वे बांधायला भारतातून तीसएक हजार मजूर नेले होते, त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. २०१७ मध्ये केनियाच्या सरकारने तिथल्या आशियाई, म्हणजे बहुतांशी भारतीय वंशाच्या लोकांना देशाचा ४४वा समाज म्हणून मान्यता दिली. तिथे राहणारी माझी लेक हे मोठ्या अभिमानाने सांगते.

संग्रहालय बघून झाल्यावर खरेदीला जा, आधी नको. आता तुम्हाला काय बघायचं ते कळतं. नैरोबीत मसाई मार्केट नावाचा बाजार वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या ठिकाणी भरतो, हॉटेलात विचारलं की सांगतात. जुनी, पूजेची, कबरीवरची म्हणून कुणी काही विकायला आणलं तर हात लावू नका. हस्तिदंत तर अजिबात नाही, दोन्ही देशांत तो गुन्हा आहे. नव्या मण्यांचं काम घ्या, आणि शक्यतो करणारीच्या हातून घ्या. चकती उलटी करून मागची बाजू बघा. तारांची टोकं आत वळवलेली हवीत, बाहेर आली असतील तर मान ओरखडते. आडव्या पट्ट्यांची भोकं फाटलेली नकोत. बोटाने एक ओळ हलवून बघा, मणी थोडे सरकले तर चांगलं. अगदी घट्ट बसवलेली ओळ वाकवल्यावर मणी फुटतात. भाव करा, पण वर्षानुवर्षांच्या सरावाने जे काम होतं त्याला भेळेच्या भावात मागू नका.

घरी आणल्यावर ती चकती खिळ्याला टांगू नका, वजनाने आतली कडी लांबट होतात. सुती कापडात गुंडाळून कपाटात आडवी ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात तार गंजते, तेव्हा जूनच्या आधी एकदा कोरड्या मऊ ब्रशने झाडून घ्या, पाणी लावू नका, आणि शेजारी सिलिकाची एक पुडी टाकून ठेवा.